मॅडम, आमचं नाव हाय का बघा

तुम्हाला मोडी वाचता येतं ही बातमी सातारा जिल्ह्यात एकदा फुटली की रविवार तुमचा राहत नाही. माणसं कागद घेऊन येतात. पिशवीतून, पत्र्याच्या डब्यातून, आजोबांच्या धोतराच्या फडक्यात बांधून. एकानं तर फवारणीच्या औषधाच्या रिकाम्या खोक्यातून आणले होते. त्याला त्यात काही वावगं वाटलं नाही, उलट "कीड लागत न्हाई" म्हणाला. चपला दाराबाहेर, "पाणी नको", मग चहा, आणि चहानंतर मुद्दा. मुद्देही ठरलेले. आमचं इनाम होतं, ते भावकीनं खाल्लं, ह्यात लिहिलंय का बघा. किंवा, आमचे पूर्वज महाराजांच्या बरोबर होते. कोणत्या महाराजांच्या, हे विचारायचं नसतं. साताऱ्याच्या गादीवर महाराज पुष्कळ झाले, पण 'बरोबर' असायचं ते शिवाजी महाराजांच्याच. आणि एक मुद्दा निघताना निघतो, बायकोला पुढं पाठवून, आवाज खाली आणून: "मॅडम, ह्यात कुठं पुरल्याबिरल्याचं काय..."

मी इतिहास शिकवला. नोकरी सांगली जिल्ह्यातल्या एका कॉलेजात आणि घर साताऱ्यात, त्यामुळे आयुष्याचा बराच भाग कराड, पेठ नाका, इस्लामपूर, आष्टा असा एसटीच्या खिडकीशी गेला. खिडकीबाहेर ऊस. लागण व्हायची, तोड व्हायची, खोडवा यायचा, निडवा यायचा, आणि आमच्या वेतननिश्चितीची फाईल वरच्या कार्यालयात होती त्याच टेबलावर असायची. मोडी मी कॉलेजात शिकले नाही. एम.ए.ला मराठ्यांचा इतिहास भरपूर होता, पण तो ज्या लिपीत लिहिला गेला ती लिपी अभ्यासक्रमात नव्हती. ती मला साताऱ्यातल्या एका निवृत्त अव्वल कारकुनांनी शिकवली, "बाईमाणसाला कशाला हवं हे?" असं आधी विचारून घेऊन. आधी ओळभर आडवी रेघ ओढायची, मग तिच्याखाली अक्षरं लोंबकळत ठेवत जायचं. हात उचलायचा नाही. शब्द तोडायचा नाही, ऱ्हस्व-दीर्घाची चिंता करायची नाही, पूर्णविराम तर नाहीच. मग हे वाचायचं कसं, असं विचारलं तर म्हणाले, "पुढं काय असणार ते माहीत असलं की वाचता येतं."

मोडी वाचणाऱ्या प्रत्येकाला हे पटेल. मायने ठरलेले, शेवट ठरलेले, 'विज्ञापना'नंतर काय येणार हे डोळ्याआधी मनाला कळतं. पण ही सोय आहे तेवढाच धोकाही आहे. पुढं काय असणार ते माहीत असलं की तेच वाचलं जातं.

कोरेगाव तालुक्यातलं एक घर आठवतं. लोखंडी ट्रंक, ट्रंकेत खारव्याचा रुमाल, रुमालात वळी करून ठेवलेले कागद. दसऱ्याला शस्त्रांबरोबर ह्या रुमालाचीही पूजा होत असे. त्यामुळे कागदांच्या कडांना हळदीकुंकू लागलेलं, घड्यांमध्ये अक्षता अडकलेल्या, आणि अक्षतांच्या मागोमाग कसर आलेली. पिढ्यान्‌पिढ्या पुजलेला कागद कुणी उलगडून मात्र पाहिला नव्हता.

"पानिपतचा कागद हाय," आबा म्हणाले. आबा घरातले थोरले, सत्तरी ओलांडलेले. "आमच्या पणज्याच्या पणज्याला तिथं जखम झाली. ह्यात समदं हाय."

कागद शके 1750च्या आसपासचा निघाला. म्हणजे पेशवाई बुडून दहा वर्षं झालेली, पानिपताला पासष्टाच्या वर. हिशेबाचा बंद होता. बेलदारांची मजुरी, दगड फोडायला दारू, मोटेसाठी कातडं, नाडा आणि सोंदूर, रात्रीच्या कामाला पलित्याचं तेल, कामकऱ्यांना गूळ, पाणी लागलं त्या दिवशी नारळ आणि कोंबडा. विहीर खणल्याचा हिशेब. बारीक, नेटका, एकेका पैशाचा. आणि तळाला, दोर वळणाऱ्याचा सव्वा रुपया देणं राहिल्याची नोंद, त्या माणसाच्या नावासकट.

"आन पानिपत?"

"ह्यात नाही, आबा."

"दुसऱ्या पानावर असंल."

दुसऱ्या पानावर गुळाचा भाव होता.

आबांचा मुलगा पुण्याला कंपनीत. तो हसला आणि म्हणाला, "व्याजासकट किती होतील मॅडम, सव्वा रुपयाचे?" आबा हसले नाहीत. त्या नावाच्या घराण्यातली माणसं अजून त्याच गावात राहतात, हे आबांना माहीत होतं आणि मुलाला नसावं. तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून आजी म्हणाल्या, "कुठली हीर म्हनायची ही? वरल्या मळ्यातली का वढ्याकडची?"

त्या दिवशी त्या घरात विचारला गेलेला हा एकच खरा प्रश्न. बाकी सगळे उत्तर खिशात घालून बसले होते. कागदात थळाचं नाव होतं, मी वाचून दाखवलं. मुलानं ते कधी ऐकलं नव्हतं, आबांना अंधूक आठवत होतं, आजींना नेमकं ठाऊक होतं. त्यांच्या सासूबाई त्या तुकड्याला त्याच नावानं हाक मारायच्या. विहीर बुजवली तेव्हा आजी लग्न होऊन नुकत्या आल्या होत्या. मग आम्ही दोघी कागद घेऊन बसलो आणि पुरुषमंडळी ओसरीवर गेली.

आता कुणाला वाटेल की मी ह्या लोकांना हसते आहे. हसते, पण अर्धवट. कारण कागदाकडे पाहण्याची गरज पोटाशी आली की हसू येत नाही, हे 2023 साली पाहिलं. त्या वर्षी सप्टेंबरात मराठा आरक्षणाच्या मागणीवरून निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, आधी मराठवाड्यापुरती, मग राज्यभर कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, आणि एका रात्रीत मोडी वाचणाऱ्याला भाव आला. जो विषय 'स्कोप नाही' म्हणून मुलं सोडून जात होती, त्या विषयाच्या माणसांना तहसील कचेरीतून फोन येऊ लागले. फोनवर "मॅडम, आपण कधी येऊ शकाल?" असं विचारलं जायचं. सरकारी कचेरीतून 'आपण' ऐकायची सवय नसल्यानं मी आधी राँग नंबर समजले.

तालुक्याच्या अभिलेख कक्षात मी गेले ती दुसऱ्यांना मदत म्हणून. लाकडी घोडे, त्यांवर गावनिहाय बांधलेली दप्तरं, धुळीनं सगळ्यांच्या डोळ्यांतून पाणी. जन्म-मृत्यूचं रजिस्टर म्हणजे गाव नमुना नंबर 14, ज्याला गावात कोतवाल बुक म्हणतात, ते मोठ्या प्रमाणावर मोडीत. शाळांची जुनी जनरल रजिस्टरं बरीचशी बाळबोध, ती पोरं स्वतःच चाळत होती. माझ्या शेजारी एक तरुण मुलगा बसला होता. कॉलेज संपवून भरतीची तयारी करणारा, चुणचुणीत. मोडीतला एक शब्द त्याला कुणीतरी गिरवून दिला होता. तेवढा तो ओळखायचा आणि जातीच्या रकान्यावरून बोट वरून खाली भराभर सरकवायचा. वेग असा की एखादा बँकेत नोटा मोजतोय.

1918 सालाचं रजिस्टर आलं. मी त्याला जरा थांब म्हटलं. ऑगस्टपर्यंत एका पानात महिना मावत होता. सप्टेंबर संपता संपता पानं भरू लागली, ऑक्टोबरात लिहिणाऱ्याचं अक्षर बदललं, मग आणखी एकदा बदललं. मरणाच्या कारणाच्या रकान्यात 'ताप', खाली 'ताप', त्याखाली ओळीनं कित्ता, कित्ता. एकाच घरातली नावं दोन-तीन दिवसांच्या अंतरानं. आपल्याकडे मानमोडी म्हणतात ती हीच साथ, इन्फ्लुएंझाची. आजीच्या तोंडी ऐकलेली मानमोडी आणि पुस्तकात वाचलेली जागतिक साथ ह्या रकान्यात एकाच हस्ताक्षरात उभ्या होत्या, आणि ते हस्ताक्षर मध्येच का बदललं असावं हे कुणी सांगायची गरज नव्हती.

मुलानं पाहिलं. दोन पानं उलटून पाहिली. म्हणाला, "एवढी माणसं गेली व्हय?" मग घड्याळ बघून, अगदी अदबीनं म्हणाला, "पण मॅडम, हे आपल्याला नकोय."

त्याचं बरोबर होतं. संध्याकाळी जिल्ह्याला तक्ता जायचा होता. तक्त्यात तपासलेल्या नोंदी आणि सापडलेल्या नोंदी असे रकाने होते, त्यात मानमोडीला जागा नव्हती. आणि बाहेर व्हरांड्यात जी माणसं थांबली होती, त्यांच्या पोरांचे प्रवेश, फिया, नोकऱ्या त्या एका शब्दाला टांगलेल्या होत्या. कुणीतरी दारातून डोकावून विचारायचं, "मॅडम, आमचं नाव हाय का बघा." बघितलं. काहींचं होतं. नसलेल्यांना नाही म्हणून सांगताना मात्र पानिपतासारखं सोपं जात नव्हतं.

ठरलेलं उत्तर घेऊन कागदापाशी जाण्याचा मक्ता काही गावाकडे नाही. आमच्या विद्यापीठी संशोधनात तर त्याचे नियम आहेत. प्रबंध सुरू होण्याआधी आराखडा द्यायचा, आराखड्यात गृहीतकं लिहायची. गृहीतक क्रमांक एक: अमुक यांचे शैक्षणिक कार्य महत्त्वपूर्ण होते. मग काही वर्षं ग्रंथालयात, काही लग्नकार्यात, काही तासिका तत्त्वावर चार गावच्या कॉलेजांत तास घेण्यात जातात, आणि शेवटच्या प्रकरणात निष्कर्ष येतो: वरील विवेचनावरून गृहीतक क्रमांक एक सिद्ध होते. मौखिक परीक्षेला बाहेरचे परीक्षक येतात, "स्तुत्य प्रयत्न" म्हणतात, कंदी पेढे वाटले जातात. एखादं गृहीतक साफ पडलं असा प्रबंध माझ्या पाहण्यात आला नाही. शीर्षकं तरी किती ठरलेली! 'सातारा जिल्ह्यातील अमुक : एक चिकित्सक अभ्यास', 'सांगली जिल्ह्यातील तमुक : एक ऐतिहासिक अभ्यास'. दोन कधी नसतात, एकच.

एकदा एका विद्यार्थ्यानं अप्रकाशित मोडी पत्रांची लिप्यंतरं प्रबंधाला जोडली. वाङ्मयचौर्य तपासणाऱ्या सॉफ्टवेअरनं त्या भागाला शून्य टक्के दिले. सगळ्यांना मौलिकतेचा पुरावा मिळाल्याचा आनंद झाला. त्या यंत्राला अठराव्या शतकातल्या कारकुनाची मराठी समजली नव्हती एवढंच खरं. ती समजणारी माणसंही त्या खोलीत फार नव्हती.

चर्चासत्रांबद्दल लिहायला बसले तर हा अंक पुरणार नाही. उद्घाटन लांबतं, शाल-श्रीफळ होतं, बीजभाषण म्हणजे ज्यात बी सापडत नाही असं भाषण होतं, आणि शोधनिबंधांना प्रत्येकी सात मिनिटं मिळतात. प्रमाणपत्रं जेवणाआधी वाटायची नाहीत, हा आयोजनातला पहिला धडा. वाटली की दुपारच्या सत्राला अध्यक्ष आणि माईकवाला उरतो. मग निबंध छापून यायला हवा, तो आयएसएसएन असलेल्या नियतकालिकात. बरीच वर्षं 'केअर यादीत आहे का?' हा प्रश्न आमच्यात 'जेवलात का?' इतका सहज विचारला जायचा. 2025 मध्ये यूजीसीनं मान्यताप्राप्त नियतकालिकांची ती यादीच बंद केली. त्या यादीपायी ज्यांनी रात्री जागवल्या त्यांच्या हालअपेष्टांचा इतिहास कुणीतरी लिहायला हवा. एक अभ्यास.

आमच्या कॉलेजात मी मोडीचा वर्ग चालवायचे, शनिवारी, पोरं आली तर. कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकचं पथक येणार म्हटल्यावर तो वर्ग अचानक 'बेस्ट प्रॅक्टिस' झाला. फोटो हवे होते, तेही जिओ-टॅग केलेले, म्हणजे आम्ही मोडी खरोखर महाराष्ट्रातच शिकवतो हे अक्षांश-रेखांशानं सिद्ध व्हावं. फोटोसाठी वर्गात जितकी पोरं बसली तितकी पुन्हा कधी बसली नाहीत. पथकातल्या एका सरांनी विचारलं, "व्हॉट इज द आउटकम?" मी म्हटलं, सर, दोन मुली वाचायला शिकल्या. त्यांनी मान हलवली आणि पुढच्या विभागाकडे गेले. त्या दोघींपैकी एक आज माझ्याहून चांगलं वाचते.

अशा वेळी मला मिरजेचे वासुदेवशास्त्री खरे आठवतात, आणि आठवले की जरा लाजही वाटते आणि धीरही येतो. खरेशास्त्री (1858–1924) मिरजेच्या हायस्कुलात संस्कृत शिकवायचे. ना संशोधन अनुदान, ना अभ्यासरजा. दिवसा शाळा, उरलेल्या वेळात पटवर्धनांचं दप्तर. पटवर्धन सरदारांनी आणि त्यांच्या कारकुनांनी स्वारीतून घरी लिहिलेली पत्रं त्यांनी लावली, नकलून घेतली आणि 1897 पासून 'ऐतिहासिक लेखसंग्रह' म्हणून क्रमाक्रमानं छापली. खंडामागून खंड निघाले आणि त्यांच्या मागे मुलानं ते काम पुढं नेलं. शास्त्रीबुवा नाटककारही होते, 'गुणोत्कर्ष' आणि 'शिवसंभव' त्यांचीच. तरी पत्रांत त्यांनी नाटक घातलं नाही. परशुरामभाऊ खर्ड्याच्या लढाईला निघालेत म्हणून पत्र थरारक असलंच पाहिजे असा हट्ट नाही. पत्रात चंदीचा तुटवडा असेल तर चंदीचा तुटवडा. पेशवाईच्या उत्तरार्धावर आज जो कुणी लिहितो त्याला मिरजेच्या ह्या मास्तरांच्या दारावरून जावंच लागतं.

त्यांच्याच काळात उत्तरेला साताऱ्याकडे दोघे दुसऱ्या तऱ्हेचे होते. विश्वनाथ काशीनाथ राजवाडे वाईत मिळालेल्या कागदांवर 1898 साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड काढतात आणि त्याला पानिपतावरची अशी प्रस्तावना जोडतात की मूळ पत्रं बिचारी मागं बसून वाट पाहतात. पुढं त्यांनी असे बावीस खंड काढले, गावोगाव पायपीट केली, आणि बहुतेक सगळ्यांशी भांडले. साताऱ्याचे दत्तात्रय बळवंत पारसनीस ह्याच्या अगदी उलटे. रावबहादूर, गोड बोलणारे, संस्थानिकांपासून साहेबांपर्यंत सगळ्यांच्या दिवाणखान्यात वावरणारे. राजवाड्यांना जे दार लोटून उघडावं लागे ते पारसनिसांना आतून उघडून मिळे. नाना फडणिसांचं मेणवलीचं दप्तर त्यांच्या हाती आलं. साताऱ्यात संग्रहालय उभं राहिलं ते त्यांच्या संग्रहावर. मात्र जमवलेले कागद ते दुसऱ्याला सहज दाखवत नसत, हा त्यांच्यावरचा जुना आक्षेप. राजवाडे आणि पारसनीस दोघेही 1926 साली गेले.

पुढची गोष्ट साताऱ्याच्या माणसानं जरा हळू सांगावी अशी आहे. पारसनिसांचा तो संग्रह 1939 साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजात गेला. तिथं तो नीट राहिला, अभ्यासकांना मिळाला, हे शंभर टक्के चांगलं झालं. पण वाईजवळच्या मेणवलीचा कागद बघायला वाईच्या माणसाला खंबाटकी उतरून पुणं गाठावं लागतं, हेही तितकंच खरं. आम्ही साताऱ्याची माणसं ह्यावर कधी रागावलो नाही. रागवायला आधी कागद गेल्याचं लक्षात यावं लागतं.

उलट वाघनखं. 2024च्या जुलैमध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधून वाघनखं साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालयात आली, तेव्हा शाळांच्या रांगा लागल्या. मीही गेले, रांगेत उभी राहिले. त्या वाघनखांच्या मागं जे नाव आहे ते जेम्स ग्रँट डफचं. हा 1818 पासून साताऱ्याला कंपनी सरकारचा प्रतिनिधी होता, 1822 मध्ये गेला, 1826 साली त्याचा मराठ्यांचा इतिहास लंडनला तीन खंडांत निघाला. साताऱ्याच्या मुक्कामात प्रतापसिंह महाराजांच्या मेहेरबानीनं त्याला दप्तरं पाहायला मिळाली. वाघनखांच्या पेटीवर लिहिलंय की ती त्याला पेशव्याच्या मुख्य प्रधानानं दिली. तीच शिवाजी महाराजांनी वापरली का, हे खात्रीनं सांगता येत नाही, असं खुद्द लंडनच्या संग्रहालयानं म्हटलंय. त्यावरून आपल्याकडे वर्तमानपत्रांत महिनाभर जुंपली. सगळा वाद शेवटी पेटीवरच्या दोन ओळींचा, म्हणजे कागदपत्राचाच, आणि तो झाला लोखंडाच्या नावानं.

रांगेत माझ्यापुढं एक आजोबा नातवाला घेऊन उभे होते. नातवानं विचारलं, "आजोबा, ही खरीच का?" आजोबा म्हणाले, "गप उभा राहा." मला दोघंही आवडले. पण इतिहासाच्या मास्तरणीनं बाजू नातवाची घ्यायची असते.

कागद पाण्यातही जातात. ऑगस्ट 2019 मध्ये सांगलीत कृष्णा चढली, आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांच्या वर गेलं. 1869 पासूनच्या सांगली नगर वाचनालयाची हजारो पुस्तकं त्या पाण्यात गेली, ही बातमी सगळ्यांनी वाचली. घरांतल्या बोचक्यांची बातमी झाली नाही. पाणी ओसरल्यावर ओळखीच्या एका घरी गेले. तळमजल्यावरचं फडताळ चिखलानं भरलेलं, रुमाल भिजून दगड झालेला. आम्ही एकेक बंद सोडवत साध्या टिपकागदावर सावलीत पसरत गेलो. मोडी पत्रं हातकागदाची, शाई काजळीची. न चोळता, न पुसता हळू सुटं केलं तिथं अक्षर जागेवर होतं. शेजारी त्याच घरातली 1960-70 सालातली फाउंटन पेननं लिहिलेली वह्या-पत्रं होती. आजोबांची रोजनिशी, मुलीची सासरहून आलेली पत्रं. त्यांची पानं एकसारखी फिकट निळी झाली होती, एक शब्द लागत नव्हता. घरातल्या काकू मोडी पत्रांकडे पाहत म्हणाल्या, "हे राहिलं, ते कुणाला वाचता येत नाही. आणि जे मला वाचता येत होतं ते गेलं."

काकूंच्या त्या पत्रांतल्या एकाचीही नक्कल नव्हती, फोटो नव्हता. त्या घरात स्मार्टफोन चार होते.

म्हणून आता साताऱ्या-सांगलीच्या वाचकांना थोडं कामाचं. घरात जुने कागद असतील, मोडी असोत की आजीची इनलँड पत्रं असोत, तर त्यांना लॅमिनेशन करू नका. दुकानदार आग्रह करेल, तरी नाही. सेलोटेप लावू नका, फाटलंय ते फाटकं राहू द्या. उन्हात घालू नका. हळदकुंकू आणि अक्षता देवाला वाहा, कागदावर नको. धुतलेल्या सुती फडक्यात, पुराच्या पाण्यापासून दूर, वरच्या मजल्यावर ठेवा. वेखंडाचा तुकडा टाकलात तर उत्तम, आपल्या पणज्या तेच करत. रुमालात कागद ज्या क्रमानं आहेत तो क्रम मोडू नका, कारण कोण कोणाच्या शेजारी बांधलंय हीही माहितीच असते. खिडकीजवळच्या उजेडात एकेका पानाचे दोन्ही बाजूंनी फोटो काढा. घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला शेतांची, विहिरींची, वाड्यांची जुनी नावं विचारून त्याच दिवशी लिहून ठेवा. वाचून घ्यायचं तर पुण्याचं भारत इतिहास संशोधक मंडळ आहे, पुण्या-कोल्हापूरची पुरालेखागारं आहेत, आणि मोडी शिकलेली पोरं आता तालुक्यातालुक्यात आहेत. त्यांना फोटो दाखवा. मूळ कागद कुणाच्याही घरी ठेवायला देऊ नका, तो माणूस कितीही विद्वान आणि गोड बोलणारा असो. माझ्याकडे आलात तरी जाताना आठवणीनं मागून घ्या.